‘पेंडिंग’वर अडकलेला हयातीचा दाखला : एका फोनचं प्रकरण

नोव्हेंबर लागला की भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात ऑनलाइन कामं करणाऱ्या दुकानांत पेन्शनरांची ये-जा वाढते. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. महिनाअखेरीपर्यंत दाखला पोचला नाही तर पुढची पेन्शन थांबते. दाखला दिल्यावर ती थकबाकीसह सुरू होते हे खरं, पण तोवर औषधांची आणि किराण्याची बिलं थांबत नाहीत. म्हणून या महिन्यात फोनमधलं एखादं ॲप अडलं, तर ज्याचं अडलं त्या माणसाला ती ‘छोटीशी तांत्रिक अडचण’ वाटत नाही. त्याची झोप उडते.

जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची सोय २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तेव्हा बोटाचा ठसा घेणारं यंत्र लागायचं, म्हणजे बँकेत किंवा केंद्रावर जाणं आलंच. २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहरा दाखवून पडताळणी करायची सोय आली आणि घरबसल्या, साध्या स्मार्टफोनवर दाखला निघू लागला. त्यासाठी फोनमध्ये दोन ॲप लागतात. एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं आधारचं ‘आधार फेस आरडी’. दोन्ही फुकट, दोन्ही प्ले स्टोअरवर. हे प्रकरण त्या दोन ॲपचं आहे. मी ते सविस्तर लिहिते आहे, कारण यात एकाच फोनमध्ये एकामागून एक तीन वेगळे अडथळे निघाले, आणि दुसरा अडथळा पहिल्याच्या दुरुस्तीतून जन्मला होता.

तक्रार

काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, वय शहात्तर. गुडघ्यांमुळे बँकेच्या पायऱ्या चढणं जमत नाही. मुलगा पुण्याला असतो. त्यानेच हा फोन घेऊन दिला आणि ‘बाबा, आता घरीच दाखला काढा’ म्हणून सांगितलं. फोन अँड्रॉइड १२ चा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. म्हणजे या कामाला पुरेसा.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूनबाई त्यांना रिक्षाने दुकानात घेऊन आल्या. काकांनी फोन माझ्यापुढे सरकवला. “ताई, ॲप डाउनलोड होत नाही. नुसतं गोल फिरतं.”

एवढ्या तक्रारीवरून काहीही कळत नाही. प्ले स्टोअरमधून ॲप येतं तेव्हा फोन बरीच कामं एकामागून एक करतो. आधी आपल्या खात्याची आणि फोनची ओळख पटवतो, मग हे ॲप या फोनला चालतं का ते पाहतो, मग ते रांगेत लावतो, मग नेटवरून उतरवून घेतो, उतरलेली फाइल मूळ कर्त्याचीच आहे ना याची सही तपासतो, मग ती उलगडून फोनमध्ये बसवतो आणि शेवटी चिन्ह पडद्यावर मांडतो. यातल्या कुठल्याही पायरीवर गाडी अडली तरी माणूस एकच वाक्य बोलतो : डाउनलोड होत नाही. त्यामुळे माझं पहिलं काम कोणत्या पायरीवर अडलं ते शोधणं, आणि त्यासाठी आधी फोनला हात न लावता विचारणं.

त्याआधी एक गोष्ट मी काकांना सांगून टाकली. आज ॲप उतरलं नाही तरी दाखला अडणार नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत डिजिटल दाखला काढून देतो. हे ऐकल्यावर काका खुर्चीत नीट टेकून बसले. घाबरलेल्या माणसाच्या फोनवर घाईघाईत काम केलं की नको ते पुसलं जातं, म्हणून दुसरी वाट मी आधीच सांगून ठेवते.

आधी कुणी काय केलं

विचारत गेल्यावर कळलं की फोन माझ्याकडे येण्याआधी तीन हातांतून गेला होता.

आठवडाभर काका स्वतः ‘इन्स्टॉल’ दाबत होते. खाली ‘पेंडिंग’ असं यायचं आणि तिथेच राहायचं. त्यांनी फोन बंद-चालू केला, पुन्हा दाबलं. तेच. मग सूनबाईंना वाटलं जागा भरली असेल, म्हणून त्यांनी गॅलरीतले शेकडो फोटो पुसले. फरक शून्य. आदल्या संध्याकाळी शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा आला. त्याने प्ले स्टोअरमध्ये काहीतरी बदललं, ‘आता होईल काकू, रात्रभर राहू द्या’ म्हणाला आणि गेला. सकाळी पाहिलं तर ‘पेंडिंग’ गेलेलं होतं, त्याजागी ‘जागा मोकळी करा’ असा संदेश.

म्हणजे रात्रीत तक्रार बदलली होती. सगळ्यांच्या लेखी मात्र ती एकच होती.

शेजारच्या त्या मुलाला तिथूनच फोन लावायला मी सूनबाईंना सांगितलं. पोरगा हुशार होता, काय केलं ते नीट सांगितलं. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून सेटिंग, त्यात नेटवर्कची पसंती, त्यात ॲप डाउनलोडची पसंती. तिथे ‘फक्त वाय-फायवर’ असं निवडलेलं होतं. काकांच्या घरी वाय-फाय नाही. त्याने ते बदलून ‘कोणत्याही नेटवर्कवर’ केलं आणि अपडेटच्या यादीत जाऊन ‘अपडेट ऑल’ दाबलं.

निदान अगदी बरोबर होतं. ती पसंती उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाने लावून ठेवली होती, आजोबांचा रोजचा डेटा वाचावा म्हणून. हेतू चांगलाच, पण सुट्टी संपल्यावर ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सहा महिने फोनमधलं एकही ॲप अपडेट झालं नव्हतं. यादीत वरची दोन-तीन ॲप ‘वाय-फायची वाट पाहत आहे’ म्हणून उभी आणि त्यांच्यामागे बाकीची सगळी ‘पेंडिंग’. जीवन प्रमाण या रांगेत सर्वांत शेवटी.

काकांना मी हे समजावत होते तर त्यांनीच वाक्य पुरं केलं. “म्हणजे पुढची मालगाडी सिग्नलला उभी आणि आमची पॅसेंजर तिच्या मागे.” तंतोतंत तेच.

गडबड झाली ती ‘अपडेट ऑल’ने. सिग्नल मिळाला तेव्हा रांगेतल्या सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. खरं तर आधी रांग रिकामी करायला हवी होती : अपडेटच्या यादीत जाऊन चालू असलेली सगळी थांबवायची, मग पसंती बदलायची आणि मग हवं ते एकच ॲप उतरवायचं. बाकीचे अपडेट सावकाश, एखाद्या वाय-फायवर. हा क्रम मी मुद्दाम सांगते, कारण ‘पेंडिंग’वर सापडणारा प्रत्येक उपाय सेटिंग बदलण्यापाशी संपतो, साठलेल्या रांगेचं पुढे काय होतं याबद्दल कुणी बोलत नाही.

फोन हातात घेतल्यावर

पहिल्यांदा तारीख आणि वेळ पाहिली. ती चुकलेली असेल तर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र फोनला मुदतबाह्य किंवा अजून लागू न झालेलं वाटतं, आणि प्ले स्टोअर नेट असूनही ‘नेट नाही’ म्हणतं. बॅटरी पार उतरून बरेच दिवस पडून राहिलेल्या फोनमध्ये हे हमखास सापडतं. इथे वेळ बरोबर होती, आपोआप घेण्यावर होती. नेटची वाट वळवणारं व्हीपीएन नाही, तसंच काम करणाऱ्या प्रायव्हेट डीएनएसच्या सेटिंगमध्ये कुणी काही भरलेलं नाही. प्ले स्टोअरमध्ये काकांचंच खातं. पाच मिनिटांत इतक्या शंका बाद झाल्या.

मग मेसेज उघडले. ही सवय मला फार उपयोगी पडते. फोनमध्ये काय घडलं याची नोंद तिथे वेळेसह असते. सिमकार्डच्या कंपनीचा एक मेसेज आदल्या रात्री साडेदहाचा : आजचा डेटा शंभर टक्के वापरला. दुसरा त्याच रात्री दोनच्या सुमाराचा : आजचा डेटा शंभर टक्के वापरला. काकांचा पॅक रोज दीड जीबीचा. मध्यरात्री नवा दिवस लागला, नवा दीड जीबी मिळाला आणि तो दोन तासांत संपला, घरातली सगळी माणसं झोपलेली असताना. रांगेतल्या अपडेटनी तो खाल्ला.

डेटा संपल्यावर नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचे साधे मेसेज जात-येत राहतात, त्यामुळे नेट चालू आहे असंच वाटतं. या वेगाने ५० एमबीचं एखादं ॲप उतरायला पावणेदोन तासांच्या वर लागतात. तेही मध्ये तुटलं नाही तर. गोल फिरतं ते अशा वेळी. पुढे जात असतं, पण इतकं हळू की माणूस कंटाळून ‘रद्द’ दाबतो.

म्हणजे सकाळी काकांच्या फोनमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. डेटा संपलेला होता आणि जागाही. डेटाचं सोपं होतं, मी फोन दुकानाच्या वाय-फायला जोडला. जोडण्याआधी मात्र अपडेटच्या यादीत जाऊन उरलेली सगळी रांग थांबवली. नाहीतर वाय-फाय मिळताच तीच पुन्हा धावली असती.

जागा गेली कुठे

स्टोरेज उघडलं. मोकळी जागा ३८० एमबी.

सूनबाईंचं म्हणणं बिनतोड होतं : जीवन प्रमाणचं ॲप तर एवढुसं, मग ३८० एमबी का पुरत नाहीत? दोन कारणं. एक म्हणजे ॲपचा लिहिलेला आकार हा उतरवायच्या फाइलचा असतो. उतरल्यावर ती उलगडते, फोनच्या प्रोसेसरसाठी तयार केली जाते, आणि हे चालू असताना मूळ फाइल व नवी मांडणी दोन्ही काही काळ एकत्र राहतात. अपडेटच्या वेळी तर जुनं ॲपही तोवर जागेवरच असतं. नवं नीट बसल्यावरच ते निघतं. दुसरं कारण अनेकांना ठाऊक नसतं. अँड्रॉइड शेवटच्या थेंबापर्यंत जागा वापरू देत नाही. मूळ अँड्रॉइडमध्ये एकूण जागेच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, यात जे कमी असेल ती धोक्याची रेषा धरलेली आहे. फोनची कंपनी ती बदलू शकते. ६४ जीबीचे ५ टक्के तीन जीबीच्या वर जातात, म्हणून इथे ५०० एमबी. काकांचा फोन त्या रेषेच्या खाली गेला होता. आकड्यात जागा दिसत होती, फोनच्या हिशेबी ती नव्हती.

आता सूनबाईंनी पुसलेल्या फोटोंचं. त्यांनी खरोखर शेकडो फोटो पुसले होते, आणि मोकळी जागा तसूभर वाढली नव्हती. ते सगळे फोटो गॅलरीच्या कचरापेटीत तसेच पडून होते. गूगल फोटोजमध्ये पुसलेला फोटो बॅकअप घेतलेला असेल तर ६० दिवस आणि नसेल तर साधारण ३० दिवस पेटीत राहतो. चुकून पुसलेलं परत मिळावं म्हणून ही सोय आहे आणि ती हवीच. पण पेटीत असेपर्यंत तो फोटो जागा व्यापूनच असतो.

पेटी रिकामी करायला माझं बोट गेलं नाही, आणि कुणाचंही सहज जाऊ नये. मी पेटी उघडून सूनबाईंच्या हातात दिली, एकदा वरून खाली पाहून घ्या म्हटलं. बहुतेक सगळे शुभप्रभातचे गणपती, फुलं, सुविचार. मध्येच त्यांचं बोट थांबलं. काकांच्या मोठ्या भावाचे फोटो होते, ते वारले त्या वर्षीच्या दिवाळीतले. घाईत सगळं एकत्र निवडताना तेही गेले होते. तेवढे आम्ही परत आणले, मुलाला पुण्याला पाठवले, आणि मगच पेटी रिकामी केली. दोन जीबीच्या आसपास जागा मिळाली.

हे फोटो सापडले नसते तरी दाखला निघाला असता आणि काम फत्ते म्हणून सगळे घरी गेले असते. जागा मोकळी करण्याच्या कामात मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. फोन आपला नसतो आणि त्यातलं काय मोलाचं आहे हे आपल्याला दिसत नाही.

मोठा वाटा अर्थात व्हॉट्सॲपचा होता, २४ जीबी. तिथे फायली हाताने शोधत बसायची गरज नसते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. तिथे ‘पाच एमबीहून मोठ्या’ आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेल्या’ अशा फायलींचे वेगळे गठ्ठे करूनच ठेवलेले असतात, आणि खाली कोणत्या ग्रुपने किती जागा घेतली याची यादी. निवृत्त मंडळींच्या एका ग्रुपनेच नऊ जीबी घेतले होते. पुष्कळदा फॉरवर्ड झालेला गठ्ठा काकांनी एकदा नजर टाकून पुसायला सांगितला. काकूंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपला हात लावायचा नाही, असंही बजावलं. लावला नाही.

अकरा जीबी मोकळे झाले. एवढं पुरे.

उतरलं, पण दिसेना

आता प्ले स्टोअरमध्ये जीवन प्रमाण शोधलं. शोधल्यावर सारख्या नावाची आणखी ॲप दिसतात. त्यामुळे नाव जुळलं म्हणून दाबायचं नाही; नावाखाली प्रकाशक कोण आहे ते वाचायचं. आधार फेस आरडीच्या खाली युनिक आयडेंटिफिकेशन अथॉरिटी ऑफ इंडिया असं लिहिलेलं असतं. जीवन प्रमाणसाठी मी सरकारच्या जीवनप्रमाण डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरून ॲपच्या पानावर जाते. हा मार्ग थोडा लांबचा असला तरी पेन्शनरांच्या बाबतीत मी तो सोडत नाही.

जीवन प्रमाण लगेच उतरलं. मग आधार फेस आरडी. तेही उतरलं, गोल फिरणं थांबलं. काकांनी पडद्यावर उजवीकडे-डावीकडे सरकवून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“पाहा ताई, हेच होतं. उतरलं म्हणतं आणि सापडत नाही.”

हा तिसरा अडथळा. तो फोनमध्ये मुळी नव्हताच. आधार फेस आरडी हे ॲप स्वतःहून उघडायचं नसतंच. दुसऱ्या ॲपला चेहऱ्याची पडताळणी लागली की ते मागून काम करतं, म्हणून पडद्यावर त्याचं चिन्ह येत नाही. ते तसंच बनवलेलं आहे. ओळखायची खूण प्ले स्टोअरच्या पानावर असते : एरवी उतरलेल्या ॲपला ‘अनइन्स्टॉल’ आणि ‘ओपन’ अशी दोन बटणं दिसतात, इथे नुसतं ‘अनइन्स्टॉल’. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत पाहिलं की नाव सापडतं. काकांना तिथे नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं आणि मान डोलावली.

मग कळलं की गेल्या वर्षीही असंच झालं होतं. चिन्ह दिसेना म्हणून कुणीतरी ते काढून पुन्हा घातलं, पुन्हा काढलं, आणि शेवटी ‘या फोनवर होत नाही’ असं ठरवून काकांना रिक्षाने बँकेत नेलं. गुडघे दुखत असताना पायऱ्या चढवल्या. फोनमध्ये तेव्हा काहीही बिघडलेलं नसावं. या चिन्हाची गोष्ट मी आता येणाऱ्या प्रत्येक पेन्शनरला आधीच सांगते, आणि वाचणाऱ्यांनी आपापल्या घरच्या ज्येष्ठांना सांगावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. या एका माहितीअभावी किती जणांच्या फेऱ्या होतात ते मी रोज पाहते.

पुढचं सुरळीत झालं. जीवन प्रमाण उघडलं, त्याने फेस आरडी आपणहून शोधून घेतलं, कॅमेऱ्याची परवानगी मागितली. आधी फोन चालवणाऱ्याची नोंद होते. इथे काकाच चालवणारे आणि काकाच पेन्शनर. आधार क्रमांक, मोबाइलवर आलेला ओटीपी, चेहरा. मग पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, क्रमांक आणि बँकेचा तपशील, पुन्हा चेहरा. ट्यूबलाइट पाठीमागे होती तेव्हा चेहरा घेईना; खुर्ची दाराकडे वळवली, चष्मा काढला, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली आणि झालं. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज तिथेच आला. दाखला बँकेला ऑनलाइनच मिळतो, वेगळा कागद नेऊन द्यावा लागत नाही.

ग्रुपवर आलेली फाइल

जागा मोकळी करताना त्याच निवृत्तांच्या ग्रुपवर मला एक फाइल दिसली होती. नाव जीवन प्रमाणचं, शेवटी ‘डॉट एपीके’, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून ॲप बसवायची फाइल. पाठवणाऱ्याने वर लिहिलेलं : प्ले स्टोअरवरून होत नसेल तर इथून घ्या. काकांनी ती दाबली होती. फोनने अडवलं होतं, कारण अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला ‘बाहेरची ॲप बसवू देण्याची’ परवानगी वेगळी द्यावी लागते. पण व्हॉट्सॲपला ती परवानगी दिलेली आढळली. कुणी दिली ते घरात कुणालाच आठवेना. फाइल बसलेली मात्र नव्हती. ॲपची संपूर्ण यादी मी दोनदा पाहिली.

त्या फाइलमध्ये काय होतं हे मी उघडून पाहिलं नाही आणि पाहायचंही नसतं. वाहनाचं चलन, बँकेची केवायसी, पीएम किसान अशा नावांच्या एपीके फायली व्हॉट्सॲपवर फिरवून लोकांची खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशभर नोंदले गेले आहेत. असं ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि मग आलेला ओटीपी परस्पर दुसऱ्याकडे जातो. पेन्शन ज्या खात्यात येते त्याच खात्याचा ओटीपी या फोनवर येतो. पाठवणारा जुना सहकारी असेल, त्याने चांगल्या मनाने पुढे ढकललं असेल. त्याने फाइल सुरक्षित होत नाही.

प्रामाणिक एपीकेसुद्धा अनेकदा उपयोगी पडत नाही, हेही सांगायला हवं. प्ले स्टोअर आता प्रत्येक फोनला त्याच्या पडद्याला, प्रोसेसरला आणि भाषेला जुळणारे तेवढेच तुकडे पाठवतं. एका फोनमधून काढलेली फाइल दुसऱ्या फोनवर बसेलच असं नाही. मग ‘ॲप इन्स्टॉल झालं नाही’ असा संदेश येतो आणि माणूस आणखी एक फाइल शोधायला लागतो.

व्हॉट्सॲपची ती परवानगी बंद केली. फाइल पुसली. काकांनी ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला की कुणी ती दाबू नका, आणि कुणी दाबली असेल, खात्यातून पैसे गेले असतील, तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. माझ्या सांगण्यापेक्षा जुन्या गार्डसाहेबांचा आवाज त्या ग्रुपवर जास्त ऐकला जातो.

जे केलं नाही ते

‘ॲप उतरत नाही’ म्हटलं की सर्वांत आधी सुचवलं जातं ते कॅश (ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फायली) आणि डेटा साफ करणं. प्ले स्टोअरची कॅश पुसण्याने काही बिघडत नाही. प्ले स्टोअरचा डेटा पुसला तरी उतरवलेली ॲप जात नाहीत, पण त्यातली पसंतीची सेटिंग मूळ पदावर येतात. कित्येकदा हा उपाय चालतो तो यामुळेच : कुणीतरी लावून ठेवलेलं ‘फक्त वाय-फायवर’ पुसलं जातं. रोग कळत नाही, गुण येतो. मी तो अगदी शेवटी ठेवते, कारण त्याने पुरावाही पुसला जातो. आणि ज्याला प्ले स्टोअर व व्हॉट्सॲप यांच्या डेटातला फरक माहीत नाही त्याच्या हाती हा उपाय दिला तर तो एक दिवस व्हॉट्सॲपचा डेटा पुसून बसतो, आणि बॅकअप नसेल तर वर्षांचे संवाद जातात.

फोन पूर्ण रिसेट करण्याचा सल्लाही काकांना मिळाला होता. अँड्रॉइड ५.१ पासून चोरीला आळा बसावा म्हणून अशी योजना आहे की परस्पर रिसेट केलेला फोन आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड किंवा फोनचं जुनं लॉक मागतो. काकांच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. शिवाय बँकेचं ॲप, यूपीआय, सगळ्यांची नोंदणी पुन्हा. एका ॲपच्या रांगेसाठी शेवटच्या आठवड्यात फोन रिकामा करणं म्हणजे दाखल्याबरोबर बाकीचे व्यवहारही अडवून ठेवणं.

नंतर

जाताना फोनमध्ये चार गोष्टी ठरवून ठेवल्या. डाउनलोडची पसंती ‘दर वेळी विचारा’ वर, म्हणजे रांग गुपचूप साठणार नाही आणि डेटाही गुपचूप जाणार नाही. आपोआप अपडेट फक्त वाय-फायवर. सूनबाईंच्या माहेरी वाय-फाय आहे, महिन्यातून एकदा तिथे गेल्यावर फोन चार्जिंगला लावून ठेवायचा. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर व्हिडिओ आपोआप उतरणं बंद. यातली ही तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण ते २४ जीबी आपोआप उतरणाऱ्या व्हिडिओंनीच साठले होते. आणि गूगल खात्याचा पासवर्ड नव्याने घालून तो काकांच्या पेन्शनच्या वहीत, घरातच, लिहून ठेवायला सांगितला.

त्याच आठवड्यात काकांच्या ओळखीच्या एक आजी आल्या, कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या. तक्रार शब्दशः तीच : ॲप डाउनलोड होत नाही. फोन मात्र फार जुना, आणि प्ले स्टोअरचं पान स्पष्ट सांगत होतं की हे ॲप या फोनला चालत नाही. तिथे अडचण रांगेची नाही, जागेची नाही, डेटाची नाही. दुसऱ्याच पायरीवर दार बंद. अशा फोनवर कुठून तरी जुनी आवृत्ती मिळवून बसवण्याचा खटाटोप मी करत नाही. त्यांच्यासाठी पोस्टात निरोप दिला, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन घरी जाऊन दाखला काढून आला.

काकांचा दाखला बँकेत नोंदला गेल्याचं सूनबाईंनी नंतर फोन करून कळवलं. रेल्वेतल्या आपल्या तीन-चार मित्रांचे फोन काकांनी स्वतःच तपासायला घेतले आहेत असंही म्हणाल्या. आधी मेसेज वाचतात, मग अपडेटची रांग पाहतात, आणि फेस आरडीचं चिन्ह शोधू नका म्हणून सांगतात.